तुळशीच्या लग्नाला धवलारीण

माझं काम म्हाताऱ्या माणसांचं करायचं. अंघोळ घालणं, औषधं देणं, चालवणं, भरवणं, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे ऐकून घेणं. लोक विचारतात, विनिता, कंटाळा येत नाही का गं तुला? मी म्हणते, तुमचा साहेब तुम्हाला रोज बोलतो, तुम्ही सोडली का नोकरी? मला तर बोलणीसुद्धा चालीत मिळतात.

चालीत, कारण ती भामाआजींची असतात. खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा मुलगा हरेश राहतो, त्याच्याकडे माझी दिवसभराची ड्यूटी. आजी मूळच्या उरणकडच्या, मिठागरवाल्या आगरी घरातल्या. जमीन सरकारने घेतली, बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, प्लॉटवर बिल्डिंग आली आणि तिच्यापाठोपाठ आजीही कॉलनीत आल्या. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. तेव्हापासून एक वॉकर आणि एक मी, असं दोघांवर त्यांचं चालणं आहे. दमा त्यांना आधीपासूनच.

पण त्यांना पेशंट म्हणायची माझी छाती नाही. आजी धवलारीण आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. मांडव पडला, म्हणजे उभा राहिला, की देवांना आमंत्रण तिने द्यायचं, हळद तिच्या गाण्यावर लागायची, बाशिंग तिच्या गाण्यावर बांधायचं. त्या गाण्याला म्हणायचं धवळा. पनवेल-उरणकडच्या गावांत आजींनी किती लग्नं लावली त्याला गणती नाही. अजूनही दवाखान्यात न्यायला रिक्षात बसवलं की एखादा रिक्षावाला मागे वळून म्हणतो, "आजे, माजं लगीन तुमीच लावलेलं." आजी लगेच विचारणार, "मंग? नीट नांदवतोस ना तिला?" तो बिचारा दवाखाना येईपर्यंत हिशेब देत बसतो.

तर त्यांच्या नातीचं, रियाचं, लग्न ठरलं. डिसेंबरातलं, उरण रोडच्या एका मोठ्या लॉनवर. घरात आनंदीआनंद. आजींनी तर त्याच दिवशी मला कपाटातून नऊवारी काढायला लावली. रियाचं लग्न आपण लावणार, यात त्यांना विचारायचंच काही नव्हतं. आणि नेमकं तेच त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी लग्नाचा सगळा थाट बघणारा शैलेश आला. टॅब, सेंट, कानात वायर. डेकोरेशन दाखवलं, एंट्रीचा धूर दाखवला, नवरीची पालखी दाखवली. मग आजींकडे वळून लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "आणि आजी, तुम्ही अजिबात टेन्शन घ्यायचं नाही. धवळ्यांचा रेकॉर्डेड ट्रॅक आहे आपल्याकडे. मस्त वाजतो."

आजींनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "ट्रॅकवर लावनार धवला?"

"हो ना. आजकाल सगळे तेच करतात."

"मंग नवरीबी टीवीवरच दाखव. मानसं कशाला जमवतोस?"

रिया फस्सकन हसली. शैलेश हसला नाही. हरेशदादा तर मुळीच नाही. तो माणूस वाईट नाही हं. साइटवर दहा जणांवर ओरडेल, पण आईच्या औषधाची वेळ चुकली तर मला फोन करून विचारेल. आदल्याच महिन्यात आजींना दम लागला होता, ऑक्सिजन लावावा लागला होता, तेव्हा हा हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होता. मी पाहिलंय. त्यामुळे त्याची काळजी खरी होती, आणि तोच तर घोळ.

"आई," तो म्हणाला, "डॉक्टर काय बोलला ते विसरलीस? हळदीपासून लग्नापर्यंत गायचंय. झेपेल?"

"झेपंल."

"मग म्हणून दाखव. आता, इथे. एक धवळा पुरा म्हण, मी ट्रॅक कॅन्सल करतो."

मला वाटलं, आता म्हातारी असा आवाज काढणार की शैलेशची वायर कानातून गळून पडेल. पण आजींनी मान फिरवली.

"लगीन नसताना धवला तोंडातून काढायचा नसतो. अपशकुन होतो. मी कवा काढला नाय, माज्या जोडीच्या गोदूनंबी काढला नाय."

"लग्न आहे की! रियाचं."

"मांडव पडंल तवा म्हनीन."

"आणि मांडव पडल्यावर अर्ध्यात अडकलीस तर? एवढ्या लोकांसमोर? तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

निशावहिनी, म्हणजे सूनबाई, चहाचे कप उचलून आत गेल्या. रियाने आजीचा हात धरला, तर आजींनी तो हळूच सोडवून घेतला.

त्यानंतर आजी गप्पच झाल्या. हे मला नवीन होतं. मी वरणात तूप कमी घातलं तरी बोलल्या नाहीत. पायाला तेल चोळताना मुद्दाम जरा जोरात दाबलं, तरी "मेले, पाय हाय तो, उसाचा कांडा नाय," हे ठरलेलं वाक्यसुद्धा आलं नाही. गॅलरीत बसून खालच्या रस्त्याकडे बघत राहायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "विनिता, जेवायला घालतात, औषध देतात, गादीबी मऊ हाय. पन मना मुकी करून बसवलंय गो."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आणि मला वाईट वाटलं की राग येतो. कुणावर यावा तेच कळेना. मुलगा म्हणतो म्हणून दाखव, आई म्हणते लग्न असल्याशिवाय म्हणत नाही. दोघांचंही बरोबर, आणि मध्ये हे सगळं अडून बसलेलं.

दिवाळी झाली. आजींचं औषध आणायला मी पनवेलच्या बाजारात गेले, तर नाक्यावर उसाच्या मोळ्याच मोळ्या. शेजारी चिंचा, आवळे, बोरं, झेंडूचे ढीग. बायकांची झुंबड. मी औषधाची पिशवी धरून तिथेच उभी राहिले. अगं बाई! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. नवरा आहे, नवरी आहे, मांडव आहे, मंगलाष्टका आहेत. आणखी काय पाहिजे लग्नाला?

मी तडक घरी आले. निशावहिनींना सांगितलं, त्यांना पटलं. आमच्या सोसायटीत दरवर्षी खाली कंपाउंडमध्ये तुळशीचं लग्न लागतंच, त्या बायकांना विचारलं, त्यांना तर गंमतच वाटली. हरेशदादाला फोन केला. म्हटलं, दादा, तुम्ही म्हणालात ना, एक धवळा पुरा म्हणून दाखव? मग तुळशीच्या लग्नाला घरी या. तो म्हणाला, "येतो. पण अडकली तर विषय संपला, विनिता. परत काढायचा नाही." मी म्हटलं, कबूल.

सगळं पक्कं करून मी ऐटीत आजींसमोर उभी राहिले आणि सांगितलं. मला वाटलं होतं म्हातारी माझी अलाबला घेईल. कसलं काय! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुला कोनी शानपन करायला सांगितलेला?"

"म्हणजे? अहो, तुमचंच काम केलं मी!"

"तुलशीला कुनी धवलारीण बोलावते का? येडी का खुली तू? घाटावरून आलीस, तुला काय कलते आमच्यातला?"

घाटावरून आले हे खरं, पण त्याला वीस वर्षं झाली. मग लागली कारणं. घसा बसलाय. पाय ठणकतोय. नऊवारीला वास येतो. मी घशाला हळदीचं दूध दिलं, पाय शेकला, साडी धुऊन कडक इस्त्री करून आणली. कारणं संपेनात. शेवटी माझं डोकं सटकलं. "आजी, घोडं कुठे पेंड खातंय ते एकदा सांगून टाका! इतके दिवस गाऊ देत नाहीत म्हणून रुसलात, आणि आता गा म्हटलं तर तोंडचं पाणी पळालं!"

आजींनी हातातला पाण्याचा पेला फेकला. मला लागला नाही. मुळात मला मारायला फेकलाच नव्हता, एवढं मला त्यांचं कळतं. पण मला आतून वाटायला लागलं की आपण काहीतरी चुकीचं करून बसलोय. आता मागे फिरायची सोय नव्हती. हरेशदादाने शब्द दिला होता, आणि मीही.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी कंपाउंडमध्ये वृंदावनाला चारी बाजूंनी ऊस बांधला होता, वर चिंचा-आवळे टांगले होते, पोरं फुलबाज्या लावत होती. आजींना लिफ्टने खाली आणलं. नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा, तोंड घट्ट मिटलेलं. वृंदावनाजवळ खुर्ची दिली. हरेशदादा साइटवरून लवकर आला होता, खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा होता. खिशात आजींचा दम्याचा पंप ठेवलेला मला दिसत होता.

मी मागे, गाड्यांपाशी उभी राहिले. माझा नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तो गेल्यापासून लग्नकार्यात मी मागेच उभी राहते. मला कुणी सांगत नाही मागे हो म्हणून. मी सांगायची वेळच येऊ देत नाही.

अंतरपाट धरला. भटजी म्हणाले, आजी, करा सुरुवात. आजींनी डोळे मिटले आणि पहिली ओळ टाकली.

"उठ गो तुलशी बाय, पाटावरी बस..."

आई शपथ, माझ्या अंगावर काटा आला. गोडबीड आवाज नव्हता तो. जाड, खणखणीत, सगळ्या मजल्यांवर पोचणारा. फुलबाज्या लावणारी पोरं वळून बघायला लागली. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं वाकली. मी हरेशदादाकडे बघितलं, त्याच्या हाताची घडी सुटली होती.

मग आजींनी दुसरी ओळ घेतली, "दारी आयला नवरा..." आणि तिथेच थांबल्या. छातीतून नुसती शीळ. तोंड उघडं, आवाज नाही. पुन्हा श्वास ओढला, पुन्हा "दारी आयला..." आणि संपलं. कुणीतरी उगाच टाळी वाजवली, दया आल्यावर वाजवतात तशी. मला तो हात धरून मोडावासा वाटला. भटजींनी घसा खाकरला. हरेशदादाने खिशातून पंप काढला आणि तो पुढे निघाला.

आणि आजींनी मागे बघितलं. हरेशकडे नाही, माझ्याकडेही नाही. खुर्चीच्या उजव्या बाजूला, थोडं मागे, जिथे कुणीच नव्हतं तिथे. ती नजर माझ्या रोजच्या ओळखीची. वॉकर धरून उठताना, पहिलं पाऊल टाकायच्या आधी, त्या अशाच मागे बघतात. मी आहे ना, ते बघतात. मी असले की पाऊल टाकतात.

मग मी काही विचार केला नाही. पदर खोचला, माणसांतून वाट काढली, हरेशदादाला कोपराने बाजूला केलं आणि त्या रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिले. मला धवळा येत नव्हता. येणार कुठून? त्यांनी घरात कधी तोंडातून काढला होता का? पण एक ओळ तर आत्ताच ऐकली होती. तीच मी म्हटली.

"उठ गो तुलशी बाय, पाटावरी बस..."

आवाज माझा फाटका, चाल वाकडी. एक पोरगं हसलं. पण आजींची छाती खाली बसली, वर आली, भरली. त्यांनी माझ्याकडे असे डोळे वटारून बघितलं की मला वाटलं, आता भर लग्नात मार खाते. आणि त्यांनी दुसरी ओळ पुरी टाकली. "दारी आयला नवरा, उसाच्या मांडवाखाली..." मी ती झेलली. मी म्हणत होते तोवर त्या श्वास घेत होत्या. त्यांनी तिसरी टाकली, मी झेलली. कुठे शब्द चुकला तर त्या कोपर मारायच्या, मी सुधारायचे. असा आख्खा धवळा आम्ही पार केला. शेवटी शेवटी तर म्हातारीने मुद्दाम लांबवला, मला पक्की खात्री आहे.

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, फटाके वाजले. आजी घामाने डबडबल्या होत्या, पण डोळे कसे लखलखत होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बेसूर हाय मेली. पन येळेवर उचलते."

आता एवढं झाल्यावर कुणीतरी काहीतरी बोलणारच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू शेजारणीला म्हणाल्या, हळूच, पण मला ऐकू येईल इतपत, "छान झालं हो. पण शुभकार्यात पुढे सवाष्ण असती तर बरं झालं असतं." माझे कान गरम झाले. मी मागे सरकायला लागले, तर आजींनी माझ्या साडीचा सोगा धरला.

"बाय," त्या काकूंना म्हणाल्या, "मी विधवा. माजी गोदू विधवा. आमी दोघींनी मिलून गावंच्या गावं लग्नाला लावली. कोनाचा काय वाकडा झाला ते सांग. धवलारणीला कपाल बगून नाय बोलावत, गला बगून बोलावतात."

"गळा तर..." काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"त्याचा मी बगून घेन," आजी म्हणाल्या. काकूंनी चुरमुऱ्यांचा प्रसाद घेतला आणि निघाल्या.

वर आल्यावर मी त्यांना पलंगावर बसवलं, पंप दिला, पाठ चोळली. दम खाली बसला तशा त्या आपणहून बोलायला लागल्या. "आमच्यात एक टाकते, एक झेलते. गोदू झेलायची. अख्खा जलम तिला बोलले मी, हलू म्हनतेस, चोरून दम खातेस, तुज्यात काय दम नाय. ती हसायची. ती गेली तवापासून मी एकबी लगीन लावला नाय. लोकांना वाटला दमा. हरेशला वाटला पाय. मना ठावं होता. मागं कुनी नाय म्हनून भीती वाटायची गो. लय भीती."

"मग आधी सांगायचं नाही का!" मी ओरडलेच. "हाताशी माणूस असताना!"

"कोनाला सांगू? सुनेला बँक हाय. नातीला येल नाय. आन तू पगारी बाई. तुला कसा सांगू, माज्या मागं बस म्हनून?"

"पगार घेते म्हणून काय झालं? रोज मागेच तर असते ना मी तुमच्या!" असं म्हणताना मला रडू फुटलं. आजी रडल्या नाहीत. त्यांनी माझं नाक पदराने पुसलं, जोरात, पोराचं पुसतात तसं.

हरेशदादा दारात कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. म्हणाला, "आई, मी शैलेशला फोन केला. ट्रॅक नको म्हणून सांगितलं." मग माझ्याकडे वळला. "विनिता, तू येशील ना लग्नाला? ड्यूटी म्हणून नाही म्हणत."

"ती येनार," आजींनीच उत्तर दिलं.

मी म्हटलं, आजी, मग रोज थोडं थोडं शिकवा मला, निदान चाल तरी. तर म्हणतात कशा, "लगीन नसताना धवला तोंडातून काढत नाय, किती वेला सांगू? तू फकस्त झेल." आता काय बोलायचं या बाईला!

डिसेंबरात, रियाच्या हळदीच्या दिवशी, लॉनवर ही गर्दी. दिवे, धूर, पालखी, सगळं शैलेशने म्हटल्याप्रमाणे. पण मांडवाच्या खांबाजवळ दोन खुर्च्या होत्या, शेजारीशेजारी. आजींना बसवलं आणि मी सवयीने उभीच राहिले. शैलेश माइक घेऊन पुढे आला. "आणि आता आपल्या परंपरेप्रमाणे धवळे म्हणणार आहेत, वधूच्या लाडक्या आजी, श्रीमती भामाआजी..."

"थांब रं," आजी म्हणाल्या. माइक जवळच होता, सगळ्या लॉनला ऐकू गेलं. "दोगी हायेत. दुसरीचा नाव घे, मंग मी तोंड उघडीन."

शैलेशला माझं नाव कुठे माहीत? त्याने हरेशदादाकडे बघितलं. तिकडे रिया हळदीच्या पाटावर बसलेली, भटजी ताटकळलेले, पाहुणे माना वळवून बघतायत, मी घामाघूम. आजी मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसल्या होत्या. त्यांना काही घाई नव्हती.

हरेशदादाने शैलेशच्या हातातून माइक घेतला. "धवलारणी," तो म्हणाला, "माझी आई भामा, आणि विनिता."

लग्नाच्या मांडवात माझं नाव माझ्या स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं. मी रडले, सांगायला काय लाजायचं. आजींनी कोपर मारलं, कारण पहिली ओळ त्यांनी टाकली होती. मी खुर्चीत बसले आणि ती झेलली.